बाळंतिणीचा नियम

श्रावणातला शुक्रवार होता, त्यामुळे वेंगुर्ल्यात मालनबाई केळुसकरांच्या दुकानात सकाळपासून बायकांची रीघ लागली होती. दुकान खरं तर स्कूटरच्या बॅटऱ्या बदलून देण्याचं. रिकामी बॅटरी फळीवर ठेवायची, भरलेली उचलायची आणि चालू लागायचं, एवढाच तिथला व्यवहार. पण आज निम्म्या बायकांना बॅटरीशी काही देणंघेणं नव्हतं. त्या हळदकुंकू घेऊन आल्या होत्या आणि ते त्यांना वाहायचं होतं दुकानाच्या भिंतीवरच्या पडद्याला.

पडद्यावर जिवती होती. चित्र थेट समुद्रातून येत होतं. हिंदी महासागराच्या मधोमध, पाच किलोमीटर खाली, जिथे ऊन कधीच पोचलं नाही अशा तळावर ती बसली होती. अंग दुधाच्या सायीसारखं फिकट, डोळे अर्धे मिटलेले, आणि आठही हातांच्या वेढ्यात अंड्यांचा घोस. मंद तांबड्या उजेडात तिचे हात अंड्यांवरून हळूहळू फिरत होते. ते रात्रंदिवस, गेली चार वर्षं फिरत होते. एवढ्या काळात तिने ना काही खाल्लं होतं ना जागा सोडली होती. या जातीचा ऑक्टोपस अंडी घालतो तो आयुष्यात एकदाच, आणि पिल्लं बाहेर पडली की आई मरते.

"कशी कुरवाळता बग," एक म्हातारी म्हणाली आणि तिने पडद्याच्या काचेला कुंकू लावलं. तिथे आधीच्या कुंकवाचा थर साचलेला होताच.

जिवती हे नाव आधी कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता येत नव्हतं. श्रावणात पुजायच्या चित्रातली लेकुरवाळी जिवती आणि ही अंडी कवटाळून बसलेली, एवढं साम्य लोकांना पुरलं. दोन वर्षांपूर्वी 'अतल खनिज' कंपनीने तालुक्यातालुक्यांत तिचं डोहाळजेवण केलं होतं. पडद्यांना हिरव्या साड्या नेसवल्या, ओट्या भरल्या, आणि जिला ना कसले डोहाळे ना जेवण, तिच्या नावाने गावोगाव पंगती उठल्या. आपल्याकडे निमित्त मिळालं की माणसं मागे हटत नाहीत.

मालनबाईंची मुलगी शर्वरी त्या दिवशी जेवायला घरी आली होती आणि गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून हे सगळं बघत होती. बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या, कारण जिवतीला तिथे बसवणारी तीच होती.

झालं होतं असं. समुद्राच्या त्या तळावर बटाट्याएवढे धातूचे गोटे पसरलेले आहेत. नखाएवढा वाढायला एकेका गोट्याला लाखो वर्षं लागतात. अतलची यंत्रं तळ नांगरल्यासारखा खरवडून हे गोटे वेचत आणि त्यांतल्या धातूंपासून बॅटऱ्या बनत. मालनबाईंच्या फळीवरच्यासुद्धा त्याच. पण त्या मऊ चिखलात गोटा हीच एक घट्ट वस्तू. गोट्यावर स्पंज रुजतो, स्पंजाच्या उंच देठावर ऑक्टोपस अंडी घालतो. गोटे उचलले तर त्याने अंडी घालायची कुठे?

शर्वरी समुद्रजीवांची अभ्यासक होती आणि या प्रश्नाने तिची झोप उडाली होती. तिने भाजक्या मातीचे गोटे घडवले, त्यांना स्पंजासारखे देठ बसवले आणि गोटे उचललेल्या तळावर ते पेरायला लावले. खरे गोटे उचला, मातीचे ठेवा. तज्ज्ञांनी नाकं मुरडली. चालू खाणीपासून दूरच्या, आधी खरवडलेल्या पट्ट्यात टाकलेल्या पहिल्याच खेपेवर एक ऑक्टोपस येऊन बसली आणि तिने अंडी घातली. तीच ही जिवती. मग दुसरी आली, मग कितीतरी आल्या. टीकाकार गप्प झाले, शर्वरीचं नाव झालं, आणि अतलच्या यंत्रांना आणखी तळ मोकळा झाला. बसलेल्या आयांची संख्या दरवर्षी वाढत होती. याहून चांगला पुरावा कोणता?

"दिवस भरले मां गो तिचे?" शेजारच्या सुलूमावशीने विचारलं.

"थंड पाण्यात येळ लागता, मावशी," शर्वरी हसून म्हणाली.

हे उत्तर ती दिवाळीपासून देत होती. तिच्या हिशेबाने पिल्लं दिवाळीतच बाहेर यायला हवी होती. ती आली नाहीत तेव्हा तिने पाणी आपल्या अंदाजापेक्षा थंड असेल असं धरून हिशेब दुरुस्त केला. मग होळीला पुन्हा केला. गणित सुटेनासं झालं की माणूस गणिताचीच समजूत घालतो.

बायका पांगल्यावर मालनबाईंनी पानं वाढली. घरात अळूच्या फदफद्याचा वास भरून राहिला होता. त्या मुलीच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "तुका काळजी लागली हा."

"नाय गो आये."

"माका शिकव नुको. एकदा जावन बग तरी."

"नियम असा ना. जवळ जावचा नाय, उजेड करूचो नाय."

हा नियम शर्वरीनेच लिहिलेला होता. लहानपणी मावशी बाळंत झाली तेव्हाची अंधारी खोली तिच्या लक्षात होती. दाराला पडदा, कोपऱ्यात शेगडी, परक्या माणसाला मज्जाव, आणि आत दिवा नेलास तर मार खाशील अशी तंबी. समुद्रतळावरच्या आयांसाठी तिने तेच केलं. कॅमेरा दूर ठेवायचा, उजेड फक्त मंद तांबडा, कारण तो त्यांच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि यंत्र जवळ न्यायचंच नाही. परदेशातल्या सभेत तिने ही कल्पना मांडली तेव्हा लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. 'बाळंतिणीचा नियम' हे नावही तिनेच दिलं होतं. आयुष्यात केलेल्या कोणत्याही कामापेक्षा तिला या नियमाचा अभिमान जास्त होता.

मालनबाईंनी ताक ओतता ओतता म्हटलं, "खोलयेत उजेड करूचो नाय, ह्या खरा. पण सुईण तरी आत जाताच मां?"

शर्वरीचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती अतलच्या नियंत्रण केंद्रात गेली ती थेट संचालक मोकाशींच्या खोलीत. मोकाशी काही राक्षस नव्हते. मातीच्या गोट्यांवर पहिला विश्वास त्यांनीच टाकला होता आणि शर्वरी ते विसरली नव्हती.

"शर्वरी, पुढच्या आठवड्यात पूर्व पट्ट्याची परवानगी यायची आहे," ते म्हणाले. "आणि आत्ता तुम्ही जिवतीच्या तोंडावर दिवा धरणार?"

"तोंडावर नाही सर. अंड्यांच्या मागे. कोंबडीचं अंडं उजेडात धरून बघतात ना, तसं. पिल्लू वाढत असेल तर दोन काळे ठिपके दिसतील. डोळे. ते दिसले की मी निवांत."

"आणि नाही दिसले तर?"

पूर्व पट्टा म्हणजे त्या खोऱ्यातला न खरवडलेला शेवटचा तळ. तिथे खरे गोटे होते, जिवंत स्पंज होते, माणसाने न बसवलेल्या आया होत्या. मातीच्या गोट्यांवर पिल्लं होतच नसतील, तर पूर्व पट्टा उचलल्यावर ही जात तिथून कायमची संपणार होती. मोकाशींनाही ते कळत होतं.

"नियम तुमचा आहे," ते शेवटी म्हणाले. "मी हो म्हणणार नाही."

"नाही तरी म्हणताय का?"

मोकाशींनी खिडकीबाहेर पाहिलं. शर्वरीने त्याचाच होकार मानला.

तळावर अतलचं एक छोटं ठाणं होतं आणि त्यात दुरुस्तीसाठी एक लहान यंत्रमानव ठेवलेला असे. सगळे त्याला कोळंबी म्हणत. तो चालवायचा सावियो फर्नांडिस. पंधरा वर्षं तो खोल पाण्यात यंत्रं फिरवत होता आणि त्याची बायको दर शुक्रवारी जिवतीला फुलं वाहायची.

"मॅडम, हे हात दाखवून अवलक्षण आहे," तो म्हणाला. "घरोघरी चित्र दिसतंय. लोक बघणार."

"चांगलं दिसलं तर तेही बघतील."

"आणि तिला काही झालं तर? मला गावात कोण उभं करणार नाही."

"माझ्या नावावर जाऊ दे, सावियो. चल."

कोळंबी ठाण्यातून निघाली. पडद्यावर आधी नेहमीचं तांबूस चित्र होतं. जिवती, तिचा घोस, फिरणारे हात. चार वर्षांत इतक्या वेळा पाहिलेलं ते चित्र शर्वरीला डोळे मिटूनही दिसलं असतं. कोळंबी जवळ गेली आणि सावियोने पांढरा दिवा लावला.

पहिल्यांदा तिला वाटलं, दिव्याच्या काचेवर काहीतरी बसलंय. सगळं चित्र राखाडी झालं होतं. मग लक्षात आलं की काच स्वच्छ आहे. राखाडी होता तो तळ. गोटा, देठ, जिवतीची पाठ, सगळ्यावर पिठाहून बारीक धुळीचा थर होता. जिवतीचा एक हात अंड्यांवरून फिरला आणि धुळीचा लहानसा ढग उठला. तो ढग तरंगत राहिला, आणि हात पुढे सरकेपर्यंत पुन्हा अंड्यांवर बसला. दुसरा हात आला. पुन्हा ढग उठला आणि पुन्हा बसला.

"ही कुरवाळत नाही," शर्वरी म्हणाली. "सावियो, ही झाडतेय."

चार वर्षं लोकांनी हात जोडून जे पाहिलं होतं, ते हे होतं. एक उपाशी आई अंड्यांवरची धूळ झाडत होती आणि धूळ पडायची थांबत नव्हती. तांबड्या उजेडात, एवढ्या लांबून, धूळ दिसणं शक्यच नव्हतं. ती दिसू नये याची व्यवस्था शर्वरीनेच केली होती, तीही मायेने.

"मागून दिवा धर," ती म्हणाली.

कोळंबीचा बारीक हात पुढे झाला. त्याच्या टोकाचा चण्याएवढा दिवा घोसाच्या मागे गेला आणि अंडी एकेक करून उजळली. पहिलं अंडं आतून दह्यासारखं गढूळ होतं. त्यात डोळे नव्हते. दुसऱ्यात नव्हते. तिसरं आत दबलेलं, सुरकुतलेलं होतं. सावियोने न सांगता दिवा पुढे पुढे नेला. पूर्ण घोसात एकही काळा ठिपका नव्हता. अंडी काही आत्ताच मेलेली नव्हती. काहींच्या आत बुरशीची जाळी होती. ती कधीच, बहुधा पहिल्याच वर्षी, श्वास कोंडून मेली होती.

तेवढ्यात जिवतीचा एक हात अंड्यांवरून कोळंबीकडे वळला. सावियो दचकला, त्याला वाटलं ती दिवा ओढून घेणार. पण तिने तसं काही केलं नाही. दिव्याच्या काचेवर धूळ बसायला लागली होती. तिने हात फिरवून ती पुसली आणि पुन्हा आपल्या अंड्यांकडे वळली.

सावियोने कानांवरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि तो खोलीबाहेर निघून गेला. शर्वरी तिथेच बसून रडली. मग डोळे पुसून तिने त्याला परत बोलावलं, कारण इतर आया तपासायच्या होत्या. त्यासाठी त्यांना अख्खा दिवस लागला. सगळीकडे तोच थर होता, तेच हात होते आणि तीच अंडी होती.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. गोटे वेचणारी यंत्रं तळ खरवडताना चिखलाचा धूर उडवतात. तो दहा किलोमीटरच्या आत खाली बसतो, असं अतलच्या अहवालात लिहिलेलं होतं आणि त्या अहवालावर शर्वरीनेही मान डोलावली होती. जाड चिखल खरंच दहा किलोमीटरमध्ये बसला होता. पण बारीक चिखल बसलाच नाही. तो वर्षानुवर्षं तरंगत, सरकत, दोनशे किलोमीटर आला होता. आणि खरे गोटे उचलले गेल्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या आया नाइलाजाने मातीच्या गोट्यांवर, त्या धुळीत येऊन बसत होत्या. बसलेल्या आयांची संख्या वाढतेय म्हणून ज्या प्रयोगाची वाहवा झाली, तो प्रयोग म्हणजे एक सापळा होता. आया मोजल्या, पिल्लं कोणीच मोजली नव्हती.

तिने सगळं लिहून मोकाशींसमोर ठेवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढून डोळे चोळले.

"मला तुमचं पटतं," ते म्हणाले. "पण तुम्ही बाहेर पाहिलंत का?"

बाहेर वेगळंच पेटलं होतं. लाखो लोकांनी आपापल्या घरात, दुकानात, बँकेत बसून पाहिलं होतं की चार वर्षं शांत बसलेल्या जिवतीवर भर सकाळी कोणीतरी पांढरा झोत टाकला. आणि दुसऱ्या दिवशी बातमी आली की अंडी मेलेली आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, आणि सगळ्यांनी दगड उचलले ते कावळ्यावर. बाळंतिणीवर दिवा मारला! जिने नियम केला तिनेच मोडला! शाळेतल्या मुलांनी रडत रडत चित्रं काढली. त्यांत एक बाई टॉर्च घेऊन उभी होती.

शर्वरी जिथे बोलवतील तिथे गेली आणि घसा फोडून सांगत राहिली. अंडी एका सकाळीत कुजत नाहीत. ती धूळ बघा, ती बुरशी बघा. लोक तिची चित्रं बघत आणि मान डोलावत. पण त्या चित्रांत सगळ्यात ठळक दिसायचा तो तिचा दिवाच.

अतलला खोटं बोलावंच लागलं नाही. कंपनीने दोन ओळींचं पत्रक काढलं: नियमभंगाची चौकशी सुरू आहे, लोकभावनेचा आम्ही आदर करतो. मग आदर म्हणून नियम आणखी कडक झाला. कॅमेरा दुप्पट अंतरावर गेला, कोळंबीला तळावरून वर काढलं, आणि यापुढे कोणत्याही आईजवळ कोणताही दिवा न्यायचा नाही असं ठरलं. या कलमाला सरकारी समितीतल्या सगळ्यांनी एकमताने पाठिंबा दिला. शर्वरीच्या जुन्या भाषणातलं एक वाक्यही त्यात घातलं होतं. चार वर्षांचा निर्दोष इतिहास आणि एका व्यक्तीची चूक, असा निष्कर्ष निघाला. गणेश चतुर्थीच्या आधी पूर्व पट्ट्याची परवानगी आली आणि यंत्रं तिकडे उतरली.

त्या दिवशी शर्वरी वेंगुर्ल्याला घरी आली. नोकरी सुटली होती, ते दुःख तिला फारसं जाणवत नव्हतं. दुकानात सुलूमावशी बॅटरी बदलायला आली होती. शर्वरीला बघून तिने पदर सावरला आणि नजर चुकवली.

"मावशी, अंडी आदीच मेल्ली होती," शर्वरी म्हणाली. कितव्यांदा सांगत होती कोण जाणे.

"असतीत गो," सुलूमावशी हळूच म्हणाली. "पण तू उजेड मारलंस, तो आमी बगलंव मां." तिने भरलेली बॅटरी उचलली, सवयीने पडद्याला हात जोडले आणि ती गेली.

पडद्यावर जिवती होती. आता आणखी लहान, आणखी धूसर, पण हात तसेच फिरत होते. मालनबाईंनी रिकामी बॅटरी फळीखाली सरकवली. मुलीवर विश्वास ठेवणाऱ्या त्या गावात एकट्याच उरल्या होत्या, आणि दुकान तर चालू ठेवावंच लागत होतं.

"बंद करून तरी काय करतलंव," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "दुसरीकडून घेतीत." मग त्या मुलीशेजारी येऊन बसल्या. "ती अजून किती दिवस बसतली?"

"पिल्लां भायर इली काय ती सोडता. नाय इली तर… अंगात जीव असा तवसर."

"म्हणजे मरापर्यंत झाडीत रवतली?"

शर्वरीने मान डोलावली. रस्त्यावरून स्कूटर जात-येत होत्या, आवाज न करता. दोघीही पडद्याकडे बघत राहिल्या. जिवतीचा एक हात वर गेला, खाली आला, दुसरा वर गेला.

"गावात एखादी बायल मेलेला पोर मांडयेर घेवन बसली," मालनबाई म्हणाल्या, "तर कोण तरी शेजारचा जाता, तिच्या बाजूक बसता, तिका सांगता, आणि तिच्या हातातसून ता काडून घेता. हिका कोण सांगतला गो?"